गढूळ पाझर

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका डोंगराच्या कुशीत मोठं तळं होतं. तळ्याला मातीचा लांब बांध होता. बांधाखाली वीस घरांचं गाव, आणि त्यात पहिलंच घर म्हाताऱ्या कुंभाराचं. घरात त्याची बाळंतीण लेक होती आणि आठ दिवसांचं नातवंड.

एकदा माती आणायला गेलेला कुंभार बांधाच्या पायथ्याशी थबकला. बांध पाझरत होता. पाझर तर नेहमीचाच, पण आज पाणी गढूळ होतं. कुंभाराला मातीचं कळायचं. पाझर नितळ असला तर भिऊ नये. गढूळ आला, म्हणजे पाणी आतून बांधाची माती घेऊन चाललंय.

हे काम वीस घरांच्या हातून होणारं नव्हतं. पाटाने त्याच तळ्याचं पाणी घेणारं मोठं गाव डोंगरापलीकडे होतं. तिथे कळवायला हवं होतं. गावाचा निरोप पत्रानेच जाई; ती पत्रं शास्त्रीबुवा लिहीत. आणि पत्र नेणाऱ्याने त्यातलं एक अक्षरही तोंडाने सांगायचं नाही, अशी तेव्हाची रीत होती.

“बुवा, एवढंच लिहा,” कुंभार म्हणाला. “बांध फुटायला आलाय. माणसं पाठवा.”

“एवढंच?” शास्त्रीबुवा हसले. “म्हातारबा, हे काय पत्र झालं? गावाची काही शोभा आहे की नाही?”

दोन दिवस खपून त्यांनी पत्र लिहिलं. त्यात तळं म्हणजे विरहिणी होती, बांध म्हणजे तिचा धीर, आणि पाझर म्हणजे तिचे अश्रू. वाचून दाखवताना बुवांचेच डोळे भरून आले. कुंभाराला त्यातलं तळं तेवढं कळलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. पलीकडच्या पंडितांनी लिहिलं होतं, ‘विरहिणीची उपमा अप्रतिम! आमच्या सभेने तीन वेळा वाचली.’ सोबत शाल होती. माणूस एकही नव्हता.

कुंभाराने कपाळावर हात मारला. “ही शाल काय बांधाला पांघरू?”

“रसिक आहेत हो ते,” बुवा शाल चाचपत म्हणाले. “थांबा, आता याहून सरस लिहितो.”

दुसऱ्या पत्रात बांध म्हणजे संसार झाला आणि पाणी म्हणजे काळ. पंडितांनी उलट विचारलं, ‘काळ अनादि, मग पाण्याला उगम कसा?’ बुवा खुलले. लगेच दौत उघडून बसले.

एव्हाना पाझर मनगटाएवढा झाला होता.

“अहो बुवा, माझं नातवंड निजतंय त्या बांधाखाली!” कुंभार जन्मात पहिल्यांदा ओरडला. “त्याला उगम नकोय, बांधावर माती हवीय!”

“ओरडू नका, म्हातारबा. यमक हुकतं.”

कुंभार घरी आला. त्याला अक्षरं जेमतेम येत. त्याने एक कोरा माठ घेतला आणि त्यावर कोळशाने वेडंवाकडं लिहिलं, ‘बांध फुटतोय. पाट्या घेऊन या.’ माठ पत्र नेणाऱ्याच्या डोक्यावर दिला आणि म्हणाला, “पंडितांकडे नको नेऊस, बाबा. पाणवठ्यावर ठेव.”

पाणवठ्यावर ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं, बाकीच्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तीनशे माणसं पाट्या-फावडी घेऊन बांधावर हजर. पंडितही आले. पाच दिवस माती पडत होती. पाझर बारीक झाला, आणि मग नितळ.

पलीकडचा पाटील घाम पुसत कुंभारावर चिडला. “अहो बाबा, अजून चार दिवस गेले असते तर सगळंच वाहून गेलं असतं. आधी नाही का कळवायचं?”

कुंभाराने शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शालीची चुंबळ करून ते मातीची पाटी वाहत होते. मान खाली होती.

“कळवलं होतं की,” तो हळूच म्हणाला. “दोनदा कळवलं. फार सुंदर कळवलं होतं.”

आणि पुढे होऊन त्याने बुवांच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली.

तात्पर्य : सांगितलेलं समोरच्याला कळलं तर ती विद्या, नाहीतर नुसती शोभा.