घोंगड्यांची वाटणी

माळावरच्या एका गावात येसाजी नावाचा एक विणकर राहत होता. त्याची घोंगडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. त्याची बायको सगुणा लोकर पिंजायची, सूत कातायची, सुताला चिंचोक्याची खळ लावायची. मग येसाजी मागावर बसून विणायचा. त्यांना दोन मुली होत्या. थोरली भागू आठ वर्षांची, धाकटी चिमी चार वर्षांची.

दोघंही माणसं चांगली, पण त्यांचं एकमेकांशी पटेना. एकाच घरात राहून वर्षभर धड बोलणं नव्हतं. शेवटी दोघं पंचांपुढे गेली आणि काडीमोड झाला. मुलींनी पंधरा दिवस बापाकडे आणि पंधरा दिवस आईकडे राहावं, असं ठरलं.

मग वाटणी निघाली. पंचांनी विचारलं, "घर कुणाचं?"

"माझ्या वडिलांचं," येसाजी म्हणाला.

"माग?"

"आजोबांचा."

"आणि घरात तीस घोंगडी आहेत, ती कुणी विणली?"

"मी."

सगुणाला कुणी काही विचारलं नाही. सगळं येसाजीकडे राहिलं. ती आपला चरखा उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला, एकाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहायला गेली. आपण एक शब्दही खोटा बोललो नाही, याचं येसाजीला समाधान वाटलं.

पौषात थंडी कडाक्याची पडली. मुली आईकडून परत आल्या, तेव्हा चिमी खोकत होती. येसाजीने तिला शेकलं, दोन घोंगड्यांत गुंडाळून निजवलं. मनातून तो सगुणावर चिडला होता.

पुन्हा आईकडे जायचा दिवस आला. भागूने हळूच विचारलं, "बाबा, आमच्या अंथरुणातलं एक घोंगडं तिकडे नेऊ?"

"नाही. इकडचं इकडे, तिकडचं तिकडे."

भागूने चिमीचा हात धरला. मग म्हणाली, "आणि आम्ही? आम्ही इकडच्या की तिकडच्या?"

येसाजीने पायात वहाणा घातल्या. त्या दिवशी मुलींना पोचवायला तो स्वतः गेला. सगुणाच्या खोलीत भिंतीला टेकून मुलींचं अंथरूण होतं, त्यावर एक जुनं, ठिगळाचं घोंगडं. सगुणाच्या स्वतःच्या अंथरुणावर नुसतं गोणपाट होतं. तो भांडायला म्हणून आला होता, ते राहूनच गेलं.

सगुणाच म्हणाली, "दाराच्या फटीतून वारा येतो, त्यानं चिमीला खोकला झाला. फट बुजवलीय मी. आता नाही व्हायचा."

घरी येऊन येसाजी मागावर बसला. सूत संपत आलं होतं. सगुणा गेल्यापासून त्याने स्वतः कातायचा प्रयत्न केला होता, पण धागा सारखा तुटे. एक घोंगडं विणायला त्याला चार दिवस लागत. तेवढं सूत कातायला सगुणाला पंधरा दिवस लागायचे. इतक्या वर्षांत हा हिशेब त्याने कधी मांडलाच नव्हता. त्याचे हात मागावर तसेच थांबले.

सकाळी तो पंचांकडे गेला. "वाटणी चुकली," तो म्हणाला.

"कुणी चुकवली?"

"मी. घोंगडी कुणी विणली ते तुम्ही विचारलंत, मी खरं सांगितलं. सूत कुणी कातलं ते तुम्ही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही."

पंचांनी सगुणाला बोलावलं. तीस घोंगडी पारावर मांडली. येसाजी निम्मी तिच्यापुढे सरकवू लागला, तशी ती मागे झाली.

"मला दया नको."

"दया कसली, सगुणे? तुझंच आहे. द्यायला उशीर केला मी."

सगुणाचे डोळे भरून आले. तिने ते पदराने पुसले आणि म्हणाली, "मग आधी चार बाजूला काढा. मुलींना दोन तुमच्या घरी, दोन माझ्या घरी. ती आपल्या वाटणीत धरायची नाहीत. उरतील त्यांची निम्मी निम्मी करू."

तसंच झालं. दोघांच्या वाट्याला तेरा तेरा घोंगडी आली. ती विकून सगुणाने पक्क्या दाराचं छोटंसं घर घेतलं. पुढे ती सूत कातून येसाजीलाच विकू लागली, आणि तो त्याचं पुरेपूर मोल देऊ लागला. संसार काही पुन्हा जुळला नाही. पण एकमेकांच्या दारात उभं राहून बोलण्याइतका जिव्हाळा परत आला.

मुलींचं पांघरूण, पाटी, खेळणी, सगळं दोन्ही घरांत असे. घर बदलायच्या दिवशी त्या रिकाम्या हातांनी निघत, आणि एका घरातून दुसऱ्या घरी हसत पळत जात.

तात्पर्य: नवरा-बायको वेगळी झाली तरी लेकरं दोघांचीच असतात, म्हणून वाटणी करताना आधी लेकरांचा वाटा काढावा, आणि जोडीदाराचे कष्ट आपल्या कष्टांइतकेच धरावेत.