सारजाआत्याचं सरकारी वय

आमच्या सारजाआत्यानं सत्तरी वलांडली, तरी तिचा म्हातारपणाचा पगार अडला. तहसीलातला साहेब म्हणाला, "वय बसत नाही."

आत्या म्हणाली, "बघू तरी, सरकारात मी केवढी हाय!"

साहेबानं कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. मी वाचलं, वय चार वर्षं! माझं डोस्कंच फिरलं.

"आवं, दुरुस्त करा की हे!"

"सरकारी नोंद आहे. तीच खरी."

मी टेबलावर हात आपटणार, तवर आत्यानं मला मागं वढलं अन् साहेबापुढं दोन्ही हात पसरलं.

"मग घ्या की काका, कडंवर! चार वर्साचं पोर घरापातूर चालंल व्हय?"

समदं हाफिस हसाया लागलं. साहेबानं आत्याला काय उचललं न्हाई, पण वय तेवढं तिथंच दुरुस्त केलं.