बोटीला पाणी पाजणारा झिलू

खाडीच्या काठावरच्या एका गावात झिलू नावाचा एक भोळा गडी राहत होता. वय चाळिशीचं, दंड खांबासारखे आणि डोकं अगदी रिकामं. रिकामं म्हणजे स्वच्छ. त्यात कोणी काही ठेवलं की ते जसंच्या तसं राहायचं. ते कुठे वापरायचं, हे मात्र ठेवणाऱ्याने सांगितलेलं नसायचं.

झिलू वहिनीकडे राहायचा. वहिनीचं नाव शेवंती. नवरा होता तेव्हा दोघं मिळून बोटींची इंजिनं दुरुस्त करायची. नवरा गेला आणि गावाच्या बोटी खाडीपलीकडच्या कारखान्यात जाऊ लागल्या. बाईमाणसाने जुळवलेल्या इंजिनावर समुद्रात कोण जाणार, असं जो तो म्हणे. शेवंतीला याचा भयंकर राग आला. नारळी पुनवेला खाडीत बोटींची शर्यत असते. त्या शर्यतीसाठी तिने एक सुसाट बोट तयार करायला घेतली. जिंकली तर गावाच्या बोटी परत तिच्या दारात येणार. हरली तर आपल्या छोट्या कारखान्याला कुलूप लावून शहरात भावाच्या घरी जायचं, असं तिने ठरवून टाकलं.

आता एवढ्या ताकदीचं इंजिन चुलीसारखं तापतं. ते थंड ठेवायला बोटीच्या मागच्या फळीवर, पाण्यात बुडेल अशी, एक पितळी तोटी बसवतात. तोटीतून खाडीचं पाणी आत शिरतं. एक रबरी पंखा ते इंजिनाभोवती फिरवतो आणि वरच्या नळीतून बाहेर फेकतो. पाणी थांबलं की इंजिन गेलं. झिलूला एवढंच सांभाळायचं होतं. कारण काही म्हणा, सुकाणू धरण्यात झिलूचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, आणि शर्यतीत बोट तोच चालवणार होता.

शर्यतीला आठ दिवस होते. बोट अंगणात ओंडक्यांवर चढवलेली. शेवंती म्हणाली, "भावजी, मी बाजारात जावन येतंय. इंजिन चालू करून बघा."

झिलूने इंजिन चालू केलं आणि बघत बसला. पाणी नाही, काही नाही. शेवंती आली तेव्हा अंगणभर रबर जळल्याचा वास.

"अहो भावजी, पाण्याबिगर इंजिन चालू केलास? आधी पाणी घालूचां, मगे इंजिन चालू करूचां!"

"असां होय! ध्यानात ठेवतंय."

दुसऱ्या दिवशी नवा पंखा आणायला तिने त्याला तालुक्याला धाडलं. शेजारच्या मास्तरांची स्कूटर मागून दिली. झिलूने स्कूटरला किल्ली लावली आणि थबकला. आधी पाणी, मग इंजिन. त्याने टाकीचं झाकण काढलं आणि विहिरीचं दोन तांबे पाणी आत ओतलं. अर्धा तांबा वर, वाटेत तहान लागली तर म्हणून.

संध्याकाळी झिलू पंखा घेऊन आला. चार मैल स्कूटर ढकलत आला. मास्तर शेवंतीवर रागावले ते रागावलेच.

शेवंतीने कपाळाला हात लावला आणि बोटीच्या तोटीतली जाळी काढून त्याच्यापुढे धरली. "आत काय जाता तां बघूक नको? ही जाळी बघा. पाणी हिच्यातून गाळून आत जाता. जाळीत अडाकता ती घाण, ती फेकायची. खाली उतारता तां आपलां."

"ध्यानात ठेवतंय," झिलू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी शेवंतीने गावच्या तांडेलांना जेवायला बोलावलं. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य खलाशी; हे तर बंदरावरचे वडीलधारे, दोन बोटींचे मालक. त्यांनी मान डोलावली की सगळं बंदर मान डोलावतं. मोठी मोठी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणली होती. मसाला वाटता वाटता ती म्हणाली, "भावजी, तेवढी सुंगटां धुवन आणा."

झिलूने सुंगटं जाळीत घातली. वरून पाणी ओतलं. जाळीत अडकलं ते शेजारच्या मांजरांना फेकलं. खाली उतरलं ते पातेल्यात भरून वहिनीपुढे ठेवलं.

"सुंगटां खंय आसत?"

"घाण होती ती फेकलंय. आपलां तेवढां आणलंय."

तांडेल नुसता सोलकढी-भात जेवून उठले. ते गेल्यावर शेवंतीला रडूच कोसळलं. झिलूला फार वाईट वाटलं. "माका सांग, पुढे काय करू?" त्याने विचारलं.

"खंयचीय वस्तू हातातसून सोडूच्या आधी माका इचारा. बस!"

पाचव्या दिवशी बोट पाण्यात उतरली. झिलू ती खाडीच्या मधोमध घेऊन गेला. वरच्या नळीतून पाण्याची छान धार पडत होती. काठावर उभ्या शेवंतीला हायसं वाटलं. तिने हात केला, तसं झिलूने इंजिन बंद केलं आणि नांगर उचलला. तेवढ्यात त्याला आठवलं. नांगर तर हातातून सोडायचा होता!

त्याने नांगर अलगद बोटीतच ठेवला. पाण्यात उडी मारली. पोहत काठावर आला आणि निथळत उभा राहिला.

"वयनी, नांगर सोडू काय?"

शेवंतीने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. भरतीच्या पाण्याने बोट डौलात खारफुटीत शिरत होती.

चिखलात रुतून तोटी वाकली. ती काढून, ठोकून सरळ करून परत बसवेपर्यंत शर्यत उद्यावर आली. बोट अंगणात समुद्राकडे नाळ, म्हणजे पुढचं टोक, करून उभी होती. शेवंतीने झिलूला मागच्या फळीपाशी बसवलं. ती आता ओरडलीसुद्धा नाही.

"भावजी, दर गोष्ट माका इचारीत बसा नको. सोताच्या डोक्यान करा. फकस्त एक ध्यानात ठेवा. ह्या तोटीचां तोंड आसा मा, तां जंय जावचां थंय करूचां. बोट धावली की पाणी आपसूक आत शिरता. तोंड उलट्या बाजूक झालां तर थेंब आत येवचो नाय, नि इंजिन जळान जायत."

"जंय जावचां थंय तोंड," झिलू म्हणाला. त्याने समुद्राकडे पाहिलं, तोटीचं तोंड समुद्राकडे केलं आणि दोन बोल्ट घट्ट आवळले. अगदी बरोबर बसवली. शेवंतीने दोनदा तपासली. रात्री झोपेतही तो तेच पुटपुटत होता.

नारळी पुनवेला बंदरावर ही गर्दी! बंदरातून निघायचं, खाडीच्या मुखाशी तरंगणाऱ्या लाल पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. सहा बोटी सुटल्या. झिलूची बोट अशी निघाली, की बाकीच्या पाचांनी नांगर टाकलाय असं वाटावं. बायका ओरडू लागल्या. मास्तर रागावल्याचं विसरून नाचू लागले. झिलूने पिंपाला सुरेख वळसा घातला. शेवंतीने पदराचं टोक दातांत धरलं.

आणि बोट थांबली.

झिलू उठला. पाना घेऊन पाण्यात उतरला. बोटीच्या मागे बुडी मारली, वर आला, परत बुडी मारली. खूप वेळ असंच चाललं होतं. मग वर चढला, इंजिन चालू केलं आणि निघाला. तरीही पहिलाच! पण अर्ध्या वाटेत इंजिनातून वाफ निघाली, मग धूर, मग खाडकन आवाज. बंदर हाकेवर असताना बोट पडली बंद. बाकीच्या पाच बाजूने निघून गेल्या.

शेवंतीने पदर डोळ्यांना लावला. तिच्या डोळ्यांपुढे कारखान्याचं कुलूप आलं.

तांडेल जवळ आले. "गो शेवंते, रडतंस कित्याक? तो पाण्यात उतारलो, खटपट करून वर इलो, तवसर दुसरी बोट पिंपाक पोचाक नव्हती. असां इंजिन मी जल्मात बघूक नाय. उद्या माज्या दोनय बोटी तुज्या अंगणात."

शेवंतीने डोळे पुसले. तिचा विश्वासच बसेना. तोवर एका होडीने झिलूची बोट ओढून काठाला आणली. झिलू उतरला. तोंडावर काजळी, हातात पाना आणि चेहऱ्यावर मोठं काम फत्ते केल्याचा आनंद.

"भावजी, थंय पाण्यात काय करीत होतास?"

"गो वयनी, थोडक्यात वाचलंव! जाताना तोंड समुद्राकडे होतां, तां बरोबर. पण येताना घराक येवचां होतां मा? म्हणान थंयच बोल्ट काढून तोटीचां तोंड फिरवलंय. नि बघ, तुका इचारूक सुद्धा इलंय नाय!"