थरथर कुणाची

“सगळं नवं टाकलंय, वस्ताद. मग थरथर येते कुठनं?”

हे रणधीरनं विचारलं होतं. म्हणून त्यालाच लिहायला लावा, असं मी अंक काढणाऱ्या मिस्त्री मंडळाच्या पोरांना सांगितलं. मी तात्या, ड्रायव्हर. शाळा तिसरीत सुटली. मिस्त्री लोकांच्या अंकात माझं काय काम? तर म्हणे, रणधीरभाऊंना ते आठवत नाही. बरं. त्याला आठवत नाही म्हणून मी या वयात डोळे फोडत बसायचं. बसतो. पण जसं झालं तसंच लिहिणार. नंतर कुणी तोंड वाकडं करायचं नाही.

राधानगरीच्या रस्त्याला वस्ताद बाबालाल मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. त्यांनी स्वतः पाना धरणं सोडलं होतं. जुन्या टायरवर बसून नुसतं ऐकायचे. काम रणधीर चौगुले बघायचा. चेला त्यांचाच, पण मान बोनेटच्या वर गेलेली.

जीप मी चालवायचो. मालकाची होती, चारी चाकं ओढणारी, फोर बाय फोर. फिरायला आलेल्या लोकांना जंगलातल्या कच्च्या वाटेनं वर न्यायचं. दसऱ्यापर्यंत गाडी लोण्यासारखी होती. दसरा झाला आणि सपाट रस्त्यावर जरा पळवली की बुडाखाली घरघर सुरू. गिअरचा दांडा नाचायचा. आरशात मागची एक म्हैस तीन दिसायची.

रणधीरनं पुन्हा पुन्हा खोलली. थरथर गेली नाही. मग त्यानं मालकाला सांगितलं, “गाडीत काही नाही. तात्यांचे हात थरथरतात.”

मालक म्हणाला, बाबालालना एकदा दाखवा. गाडीत काही निघालं नाही, तर उद्यापासून किल्ली त्याच्या भाच्याकडे.

आता, माझे हात थरथरतात हे काही खोटं नाही. कप धरला की बशीत वाजतो. पण स्टिअरिंग धरलं की थांबतात. हे कुणाला पटवून सांगायचं? बायकोलाही पटत नव्हतं.

तर त्या दिवशी शेडमध्ये रणधीरनं ते विचारलं, थरथर येते कुठनं. बाबालालनी मला चहा दिला.

कप वाजला.

“बघा,” रणधीर म्हणाला. “मी काय वेगळं सांगतोय?”

“तात्या, चहा संपव,” बाबालाल म्हणाले. मग रणधीरकडे बघून, “किल्ली तू घे. आज तू चालव.”

बाबालाल पुढं बसले, मी माझ्याच गाडीत मागं. पहिल्यांदाच.

धरणाकडच्या सपाट रस्त्याला लागलो. रणधीरनं पाय दाबला. आली घरघर. दांडा नाचायला लागला.

“आता कुणाचे हात?” मी मागून विचारलं.

“तात्या, गप बस जरा,” बाबालाल म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते, तळवा खालच्या पत्र्यावर ठेवला होता. “न्यूट्रल कर.”

इंजिनचा आवाज उतरला. थरथर तशीच.

“इंजिन न्हाई,” रणधीर म्हणाला.

“चाकं?”

“बॅलन्स करून आणली. बरोबर हायत.”

“फुडचा शाफ्ट?”

अशा गाडीला दोन शाफ्ट असतात. गिअरकडून फिरता दांडा एक पुढच्या चाकांना जातो, एक मागच्या.

“फुडचा काढून चालवून बघितली. तरी हेच.”

“मग राह्यलं काय?”

“मागचा. पण त्याचे दोन्ही क्रॉस नवे टाकलेत मी. तिथं दोष असूच शकत न्हाई.”

“हे शाफ्टला सांगितलंस?”

रणधीरनं गाडी वळवली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, “वस्ताद, गाडीला तात्यांची सवय लागलीय. चालवणारा जसा, तशी गाडी.”

“खरं हाय,” बाबालाल म्हणाले. “आन् खोलणारा जसा?”

रणधीरनं गाडी थेट शेडमध्ये घातली.

शेडमध्ये मागचा शाफ्ट काढून गोणपाटावर ठेवला. आरशासारखा चमकत होता. एका टोकाला रंगात झेंडूची पाकळी चिकटलेली.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. गॅरेजात पाने, जॅक, हातोड्या पुसून पाटावर मांडतात. त्या वर्षी माझी जीप नेमकी ग्रीसिंगला आलेली. रणधीरला भक्ती आली. त्यानं शाफ्ट उतरवला, त्याचे दोन तुकडे वेगळे केले, घासले, चंदेरी रंग मारला आणि मधोमध पूजेला मांडला. येणारा-जाणारा हात जोडून जायचा. मीही जोडले.

बाबालालनी शाफ्टचं एक टोक उचलून वाकवून धरलं. क्रॉस म्हणजे त्या टोकाचा सांधा, मनगटासारखा. तो आहे म्हणून शाफ्ट वाकूनही फिरतो.

“दुसरीकडनं सावकाश फिरव. एकसारखा.”

रणधीरनं फिरवला.

“हाताला काय लागतंय?”

“जरा पळतोय… जरा अडतोय.”

“क्रॉस खराब हाय?”

“नवा हाय, वस्ताद.”

“नवा बी असाच, जुना बी असाच. वाकून फिरला की लंगडतोच.”

रणधीरनं पुन्हा फिरवला. पुन्हा एकदा. इतकी वर्षं क्रॉस बदलतोय, पण असा हातात घेऊन त्यानं तो कधी फिरवला नव्हता, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं.

“मग गाडी सरळ कशी चालती?” त्यानं विचारलं. त्या दिवसात पहिल्यांदा तो सांगत नव्हता, विचारत होता.

“दुसऱ्या टोकाचा बी लंगडतो म्हणून. ह्यो पळतो तवा त्यो अडतो.”

“दोन लंगडे मिळून सरळ चालत्यात?”

“बघ की. दोन लांब पाने घे. एक तात्याला दे.”

शाफ्टच्या दोन्ही टोकांना दोन-दोन कान असतात, क्रॉस त्यांच्यातच बसतो. एका टोकाच्या कानांवर मी पाना आडवा धरला, दुसऱ्या टोकाच्या कानांवर रणधीरनं. बाबालाल मांडी घालून खाली बसले आणि एक डोळा झाकून शाफ्टच्या लांबीतून बघायला लागले. मीही मान वाकडी करून बघितलं.

माझ्या हातातला पाना थरथरत होता, पण आडवा होता. रणधीरचा अगदी स्थिर होता. आणि तिरका.

“तात्यांचा तिरका दिसतोय,” रणधीर म्हणाला.

“तिकडं जाऊन बघितलं तर तात्यालाबी तुझाच तिरका दिसंल.”

“मग बरोबर कुणाचा?”

“कुणाचाच न्हाई. तिरका बी कुणाचा न्हाई. दोन्ही एकमेकासारखे पाहिजेत, एवढंच.”

रणधीर पाना धरून तसाच उभा. शाफ्टकडं बघत राहिला…

बाबालालनी ब्लेड घेतलं. शाफ्टच्या मधे जिथं एक तुकडा दुसऱ्यात दातांनी सरकून बसतो, तिथला चंदेरी रंग खरवडला. खालून लांबी निघाली, पत्र्याच्या खड्ड्यात भरतात ती. लांबीखालून छिन्नीची एक खूण निघाली. मग दुसऱ्या तुकड्यावरची निघाली. दोन्ही खुणा समोरासमोर पाहिजेत. एक वर होती, एक कुशीला.

“या तुमच्या?” रणधीरनं वस्तादांना विचारलं.

“माझ्या.”

“मला वाटलं जुने ओरखडे हायत,” रणधीर हळू म्हणाला. “पूजेला ठेवायचा म्हणून सपाट केले.”

“देखणा झाला व्हता.”

“तुम्ही आधीच का न्हाई सांगितलं?”

“तू मला शाफ्टचं कुठं विचारलंस? तू मला तात्याचं सांगत हुतास.”

रणधीरनं तुकडे वेगळे केले. खूण खुणेसमोर आणून दात पुन्हा बसवले. आम्ही परत पाने धरले. या वेळी दोन्ही सारखे. माझा जरा हलत होता, एवढंच.

शाफ्ट चढवला. किल्ली मला दिली बाबालालनी, रणधीरनं नाही. त्याच रस्त्यावर मी पाय दाबला. दांडा जागचा हलला नाही. आरशात म्हैस एकच. बाबालालनी पत्र्यावर तळवा ठेवला, आणि लगेच उचलला.

“आता दोन्ही लंगडत असतील?” रणधीरनं मागून विचारलं. मला वाटतं तो स्वतःशीच बोलत होता.

“रोज,” बाबालाल म्हणाले.

मालक समोरच्या हॉटेलात बसला होता. परत आल्या आल्या रणधीर आपणहून तिकडं गेला. काय बोलला ते मला रस्त्याच्या अलीकडून ऐकू आलं. “दोष शाफ्टचा होता, काम माझ्या हातनं चुकलं होतं, किल्ली तात्यांकडंच राहू द्या.” मालकानं मान हलवली. भाच्याचं नाव पुन्हा निघालं नाही. एवढं त्यानं सरळ केलं, ते लिहिलं पाहिजे.

मग तो शेडमध्ये आला. पाने पुसून खिळ्याला लावायला लागला. माझ्या अंगावरून दोनदा गेला. एकदा तर मलाच म्हणाला, जरा सरका.

रणधीरभाऊंना आठवत नाही म्हणतात, ते बहुतेक इथून पुढचंच असणार.

मी सरकलो. बाबालालनी मला परत चहा दिला. कप बशीत वाजायला लागला. शेडमध्ये तेवढाच आवाज.

“झालं, वस्ताद,” रणधीर म्हणाला.

बाबालालनी माझ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं. मग खाली गोणपाटावर, जिथं शाफ्टची चंदेरी धूळ पडली होती…

“एक टोक बसवलंस. दुसरं राह्यलंच की, रणधीर.”