झिपरूची गोगलगाय

फार जुनी गोष्ट. तेव्हा अस्वलं पिलांना मध काढायला शिकवण्याआधी एखादा लहान जीव सांभाळायला देत. झिपरू नावाच्या पिलाला आईने गोगलगाय दिली.

झिपरूने तिला फार जीव लावला. उन्हाळा लागला तशी गोगलगाय पाल्याखाली गेली आणि शंखाच्या तोंडावर लाळेचा पडदा ओढून आत बसली. झिपरूला चैन पडेना. रोज तो नखाने पडदा फोडायचा आणि विचारायचा, “बरी आहेस ना? कोवळा पाला आणू?”

“बरी आहे,” ती म्हणायची. “पण दर वेळी नवा पडदा करायला अंगातलं पाणी लागतं रे. आता फारसं उरलं नाही.”

झिपरूला वाटलं, ही भिडस्त आहे. त्याने तिला गुहेत आणून उशाशीच ठेवलं.

मग झिपरूलाच ताप भरला. मावश्या, आत्या आळीपाळीने यायच्या, हलवून उठवायच्या, मध चाटवायच्या, कसं वाटतंय विचारायच्या. जरा डोळा लागला की पुढची हजर. तिसऱ्या दिवशी आई गुहेच्या तोंडाशी आडवी बसली आणि तिने एकीलाही आत सोडलं नाही.

झोप पुरी झाल्यावर झिपरू उठला. उशाशी गोगलगायीने पुन्हा पडदा ओढला होता, अगदी पातळ.

“आई,” तो हळूच म्हणाला, “हिला पाल्याखाली ठेवून ये. आणि मी तिकडे निघालो, तर अशीच आडवी बस.”