किल्ली काढली तरी

किल्ली काढून हातात घेतली तरी जुन्या गाडीचं इंजिन धडधडतच राहिलं, तशी गॅरेजातली नवशिकी केतकी दचकली.

बॉनेटला कान लावून रोग सांगणारे हेडमिस्त्री हैबतराव गरजले, “स्विच गेलाय! सगळं वायरिंग बदला.”

“उस्ताद, दोष वायरिंगचा नाही,” केतकी चाचरत म्हणाली.

“कॉलेजात शिकवलं वाटतं? चुकलीस तर उद्यापासून गॅरेजात यायचं नाही!”

केतकीने गाडी पुन्हा चालू केली, किल्ली काढली आणि ठिणगीला वीज देणारी कॉइलची वायरच उपटली. इंजिन आचके देत चालूच!

“उस्ताद, वायर माझ्या हातात आहे. मग आत पेट्रोल पेटवतंय कोण?”

हैबतरावांनी पुन्हा बॉनेटला कान लावला.

“सांगा ना, उस्ताद!”

“आत साचून, तापून लाल झालेला कार्बन,” हैबतराव पुटपुटले. “पाना घे, पोरी. इंजिनचं हेड तूच खोल अन् कार्बन खरवडून काढ.”