नाम्या, फौजदार आणि आप्पांचा समुद्र

कृष्णाकाठच्या एका गावात यशवंतआप्पा खराडे नावाचे एक गृहस्थ राहत. गावच्या तंटामुक्ती समितीचे ते अध्यक्ष. भांडण बांधाचं असो, पाटाच्या पाण्याचं असो, की एकाच्या कोंबडीनं दुसऱ्याच्या परसात घातलेल्या अंड्याचं असो, लोक आप्पांकडे येत. आप्पांचा एक नियम होता. घरात बसून निकाल द्यायचा नाही. आधी भांडणाच्या जागी जायचं, उकिडवं बसायचं, या बाजूनं बघायचं, त्या बाजूनं बघायचं, आणि मगच तोंड उघडायचं. त्यामुळे त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे.

गावाला शहाणपण वाटणारा हा माणूस आपल्याच घरात कसा फसला, ते आता ऐका.

आप्पांच्या मुलाचं, संपतचं, पुण्यात शोभेच्या माशांचं दुकान होतं. त्यानं आईवडिलांसाठी घराच्या सोप्यात खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी बसवून दिली. आत दगडांचा छोटासा डोंगर, तळाला पांढरी वाळू, शंखातल्या चार गोगलगायी आणि दगडांवर वाढणारं प्रवाळ. प्रवाळ दिसतं झुडपासारखं, पण असतो तो जिवंत प्राणी. गावात अनेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. ते आप्पांच्या सोप्यात येऊन समुद्र बघून जात, आणि जाताना चहाही पिऊन जात.

आप्पांच्या बायकोचा, हौसाक्कांचा, सगळा जीव एका गुलाबी प्रवाळावर होता. संपतनं आणलं तेव्हा ते नखाएवढं होतं. हौसाक्कांनी पाणी सांभाळून, उजेड सांभाळून ते वाटीएवढं वाढवलं. सकाळी त्याची बोटं उमलली की त्यांना माहेरी जाऊन आल्यासारखं वाटे.

त्याच टाकीत एक अंगठ्याएवढा निळा मासा होता. त्याचं नाव हौसाक्कांनी नाम्या ठेवलं होतं. मूर्ती लहान, पण कीर्ती महान! नाम्या वाळू उडवायचा, गोगलगायींना ढुशा मारायचा, आणि रोज न चुकता ते गुलाबी प्रवाळ ढकलून खाली पाडायचा. आप्पा रोज सकाळी बाही वर करून हात पाण्यात घालायचे आणि प्रवाळ उचलून जिथल्या तिथं ठेवायचे. त्यांच्या खुर्चीतून ते तिथंच सगळ्यात छान दिसायचं. नाम्या त्यांच्या बोटाला कडकडून चावायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रवाळ पाडायचा.

गावात ही गंमत पसरायला वेळ लागला नाही. चावडीवर आप्पा दिसले की कुणीतरी विचारायचंच, "काय आप्पा, आज कोण जिकलं? तुमी का नाम्या?"

पण हौसाक्कांना हसू येत नव्हतं. पडून पडून प्रवाळाचे तुकडे निघत होते. वाटीचा आता लिंबाएवढा गोळा उरला होता आणि तो उमलायचाही थांबला होता. एका सकाळी त्या काचेला कपाळ टेकून म्हणाल्या, "आणि चार वेळा पडलं तर मरंल वो हे." त्यांचे डोळे भरून आले.

बायकोचं रडणं बघून आप्पा पेटले. काट्यानं काटा काढायचा, नाम्याला दाबणारा मोठा मासा आणायचा, असं त्यांनी ठरवलं. संपत फोनवर ओरडून सांगत होता, "आप्पा, तसला मासा आपल्या टाकीत चालायचा न्हाई!" पण ज्याचा शब्द सारा गाव झेलतो, तो पोराचा शब्द कशाला ऐकेल? आप्पा सांगलीला गेले आणि तळहाताएवढा, जाड ओठांचा, दातवाला मासा घेऊन आले. त्याचं नाव त्यांनी मोठ्या अभिमानानं फौजदार ठेवलं.

पहिला दिवस झकास गेला. फौजदारानं टाकीला एक फेरी मारली आणि नाम्या दगडात गडप झाला. "बघितलंस? ह्याला म्हणत्यात जरब," आप्पा म्हणाले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

मग फौजदारानं कारभार हाती घेतला. त्यानं गोगलगायी शंखासकट फोडून खाल्ल्या. दगड उलथेपालथे केले. दाणे टाकायला वाकलेल्या आप्पांच्या तोंडावर खाऱ्या पाण्याची पिचकारी मारली. आणि शेवटी हौसाक्कांच्या प्रवाळाचा एक लचका तोडला. घाबरलेला नाम्या आत-बाहेर करताना प्रवाळ पाडायचा तो पाडतच होता. बैल गेला आणि झोपा केला, असंही म्हणायची सोय नव्हती, कारण आप्पांनी झोपा, म्हणजे गोठ्याचं दार, करायचं सोडून दुसराच बैल आणून बांधला होता!

आप्पांनी पडक्या आवाजात संपतला फोन लावला. संपत म्हणाला, "जाळीनं धरायला गेलासा तर दगडात घुसंल. मग सगळा डोंगर उतरवाय लागंल, आणि त्यात आईचं प्रवाळ जाईल."

आप्पा डोक्याला हात लावून बसले. हौसाक्का म्हणाल्या, "अवं, गावातल्या भांडणात तुमी आधी काय करतासा?"

"बांधावर जातो."

"मग ह्या भांडणात गेलासा का?"

इतके दिवस त्यांनी निकाल दिला होता, तो खुर्चीत बसून.

ते उठले. टाकीच्या कडेला, खिडकीजवळच्या अडचणीत, गुडघे कुरकुरत होते तरी उकिडवे बसले. हात पाण्याबाहेर ठेवून नुसते बघत राहिले. चहा निवून गेला तरी उठले नाहीत. आणि खुर्चीतून कधीच न दिसलेली गोष्ट त्यांना तिथून दिसली. गुलाबी प्रवाळाच्या बरोबर मागं दगडात एक बीळ होतं. नाम्या त्या बिळात राहत होता. दुसरी वाट नव्हती. बाहेर यायचं तर प्रवाळ आडवं. अंग चोरून, पंख खरवडून तो कसाबसा बाहेर आला, वळला, आणि जीव खाऊन प्रवाळाला ढकलू लागला. बाकीच्या प्रवाळांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"हात् तिच्या!" आप्पा म्हणाले. "रोज सकाळी मीच ह्याच्या दारात धोंडा लावत होतो की!"

त्यांनी आधी फौजदाराची सोय लावली. प्लॅस्टिकच्या मोठ्या बरणीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत दाणे टाकले आणि बरणी टाकीत ठेवली. नाम्या सहज आत गेला, दाणे खाऊन बाहेर आला, आणि वर पुन्हा एकदा जाऊन आला. फौजदार हावऱ्यासारखा घुसला आणि त्याला बाहेरची वाट काही सापडली नाही. त्याची रवानगी पुण्याला संपतच्या दुकानात झाली. तिथं त्याला स्वतंत्र टाकी मिळाली, एकट्याची.

मग आप्पांनी ते प्रवाळ उचललं आणि वीतभर बाजूला ठेवलं. खुर्चीतून ते आता अर्धंच दिसत होतं. हौसाक्कांनी खुर्चीच वीतभर सरकवली.

त्या दिवसापासून प्रवाळ पडलं नाही. लचक्याची जखम भरून यायला बराच काळ गेला, पण एका सकाळी त्याची गुलाबी बोटं पुन्हा उमलली. हौसाक्कांनी आनंदानं सगळ्या आळीला शिरा वाटला.

त्याच सकाळी आप्पांनी काच पुसायला हात आत घातला, तर नाम्या बिळातून सुसाट आला आणि बोटाला चावला. खोड ती खोडच.

आप्पा खदखदून हसले. म्हणाले, "चाव बाबा, चाव. दार तुझं हाय."

तात्पर्य: भांडण मोडायला फौजदार आणण्याआधी, आपणच कुणाचं दार अडवून उभे नाही ना, हे खाली बसून पाहावं.